छपरावरची छत्री आणि जमिनीतली तार



वैशाखाचे ऊन तापू लागले, की दुपार कलताच आभाळ भरून येते. वळीव काही एकटा येत नाही. वावटळ, गारा आणि विजा यांना बरोबर घेऊनच येतो. म्हणून या दिवसांत गोठ्याच्या पत्र्यावर दगड ठेवणे, कडब्याची गंजी झाकणे, काढलेला कांदा चाळीत नेणे ही कामे आपण कोणी न सांगता उरकतो. एक काम मात्र बहुतेक घरी राहून जाते. ते म्हणजे मान वर करून आपल्या टीव्हीच्या छत्रीकडे एकदा नीट पाहणे.

"शेतीखात्याचे साहेब आज टीव्हीवर कुठे घसरले?" असे एखादा म्हणेल. सांगतो.

गेल्या पंधरवड्यात हळदीचे बेणे पाहण्यासाठी एका वस्तीवर गेलो होतो. पडवीत बसलो, पाणी झाले, चहा यायचा होता. तेवढ्यात घरातल्या आजी म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला यातले कळत असेल तर बघा. त्या टीव्हीमागच्या वायरीला हात लागला, की मुंग्या येतात." नातू हसला. म्हणाला, "आजीच्या हाताला तशाही मुंग्या येतातच." मला हसू आले नाही. उठून बाहेर गेलो. घराच्या मागे गोठ्याच्या कोपऱ्यात वीस फुटी लोखंडी पाइप उभा. त्याच्या टोकाला छत्री बांधलेली. छत्रीची वायर पत्र्यावरून लोळत खिडकीतून आत गेलेली. जमिनीत जाणारी तार शोधली, ती कुठेच नव्हती. आणि पाइपाच्या बुडख्याला दुभत्या म्हशीचे दावे बांधलेले.

मी म्हणालो, "आधी म्हैस सोडा, मग चहा."

त्या दिवशी त्या घरी जे सांगितले, तेच आज तुम्हाला सांगतो आहे.

उंचीची जुनी सवय

तो वीस फुटी पाइप तिथे का होता, हे आधी समजून घेऊ. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, पूर्वी टीव्हीचा एरियल म्हणजे माशाच्या काट्यासारखा असायचा. दूरदर्शनचे प्रक्षेपण जमिनीवरच्या मनोऱ्यावरून यायचे आणि ते साधारण सरळ रेषेत चालायचे. मधे डोंगर आला, झाडी आली, की चित्र गेले. म्हणून जितका पाइप उंच, तितके चित्र चांगले. पोरगा छपरावर पाइप फिरवतो आहे आणि खालून सगळे घर ओरडते आहे, "आले, आले, गेले!", हा खेळ घरोघरी चालायचा.

१९८७ साली जानेवारीत दूरदर्शनवर रामायण मालिका सुरू झाली. आमच्या घरी त्याच सुमारास टीव्ही आला. मी तेव्हा कॉलेजात होतो. माझ्या धाकट्या काकांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी पाइप उभा करायला घेतला. पाइप वीस फुटांचा होता आणि विजेची मोठी तार घरापासून पंधरा फुटांवरून जात होती. हा हिशेब कोणी केला नाही. पाइप अर्धा उभा झाला, वाऱ्याचा झोत आला, पाइप कलला. बाकीच्या दोघांनी हात सोडले. काकांनी पाइप सावरायला धरून ठेवला.

काका वाचले. उजव्या हाताची बोटे मात्र कायमची आखडली. पेरणीच्या वेळी घरात पहिली मूठ त्यांची असायची. त्या हाताने त्यांनी पुन्हा कधी चाड्यावर मूठ धरली नाही.

आता गंमत पाहा. ते एरियल ज्यासाठी उंच लागायचे, ते कारणच उरलेले नाही. २०२२ पर्यंत दूरदर्शनने जमिनीवरची जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपणे बहुतेक सर्व ठिकाणी बंद केली. आता आपण पाहतो ते उपग्रहावरून येते. डीडी फ्री डिशची छत्री असो की महिन्याला पैसे भरायची असो, ती ज्या उपग्रहाकडे तोंड करून असते तो विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच आहे. छत्तीस हजार किलोमीटरच्या वाटेत तुमच्या वीस फुटांनी काय फरक पडणार? काहीच नाही.

छत्रीला उंची लागत नाही, मोकळी दिशा लागते. एवढी एक गोष्ट आज ध्यानात ठेवली तरी अर्धे काम झाले. फ्री डिशचा उपग्रह महाराष्ट्रातून पाहिला तर आग्नेयेकडे, आणि डोक्याकडे बराच वर दिसतो. आग्नेयेला वर झाड, भिंत, टाकी आड येत नसली, की अंगणात कमरेएवढ्या खांबावरही छत्री तितकेच चांगले चित्र देते. असे असताना आपण जुन्या सवयीने ती घरातल्या सर्वांत उंच लोखंडाच्या टोकाला नेऊन बांधतो. म्हणजे विजेला आपणच पाट-पाणी मांडून बोलावतो.

छत्री कुठे बसवावी

पहिली पसंती घराच्या पक्क्या भिंतीला, छपराच्या कडेच्या खाली. छत्री छपराच्या कडेपासून किमान दोन मीटर खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असेल, तर तिच्यावर थेट वीज पडण्याचा धोका बराच कमी होतो. बुटक्या घराला दोन मीटर जमत नसेल, तर जमेल तितकी खाली घ्यावी. भिंत विटांची किंवा दगडी, सिमेंटात बांधलेली असावी. मातीच्या भिंतीत खिळे-बोल्ट टिकत नाहीत. छत्री दिसायला हलकी असली तरी वावटळीत ती शिडासारखा वारा धरते आणि भिंतीचा पोपडा घेऊनच खाली येते. भिंत कच्ची असेल तर अंगणात सिमेंट-काँक्रीटमध्ये पुरलेला बुटका खांब बरा.

पत्र्यावर छत्री बसवू नये. पत्र्याला पडलेल्या भोकातून पावसाळाभर पाणी गळते, ते वेगळेच. झाडाला बांधू नये. झाड वाढते, हलते, आणि वीज झाडावर आधी येते. विजेच्या खांबाला तर कधीच बांधू नये. पाण्याच्या टाकीचा लोखंडी घोडा घराच्या माथ्यावर असतो, म्हणून त्यालाही नको.

आता विजेच्या तारांपासूनचे अंतर. आमच्या घरी जो हिशेब झाला नाही, तो तुम्ही करा. खांबाची पूर्ण उंची छत्रीसकट मोजा. तिची दीडपट करा. खांबाच्या बुडख्यापासून चहूबाजूंनी तेवढ्या अंतरात विजेची एकही तार असता कामा नये, मग ती अकरा हजार व्होल्टची असो की घरात येणारी साधी सर्व्हिस वायर असो. खांब दहा फुटांचा असेल तर पंधरा फूट मोकळे हवेत. म्हणजे उद्या तो पडला, तरी तारेवर पडणार नाही. सर्व्हिस वायरीला वरून प्लॅस्टिक आहे म्हणून विसंबू नका. उन्हाने ते तडकते आणि आतली तार उघडी पडते.

जुना पाइप अजून उभा असेल तर तो उतरवून टाका. पण ध्यानात घ्या, पाइप उतरवणे हे चढवण्याइतकेच धोक्याचे काम आहे. वारा, पाऊस किंवा ढग असताना हात लावू नये. तार जवळ असेल तर आधी वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याला सांगून ती लाइन बंद करवून घ्यावी. डीपीवर जाऊन स्वतः फ्यूज काढण्याचे धाडस करू नये. शिडी लोखंडी वा अ‍ॅल्युमिनियमची नको, कोरड्या लाकडाची किंवा बांबूची घ्यावी. आणि पाइप कलला तर सावरायला जाऊ नये. हात सोडून मागे सरावे. पाइपाची किंमत चारशे-पाचशे असेल. हाताला किंमत नाही.

आर्थिंग म्हणजे विजेचा पाट

आता मुख्य गोष्ट. छत्रीला आर्थिंग कशाला?

तुम्ही रात्री दारे धरता. पाण्याला पाट काढून दिला तर ते तुमच्या सांगण्याने चालते. पाट दिला नाही तर ते बांध फोडून आपली वाट काढते. विजेचे तसेच आहे. आभाळात ढग गडगडत असतात तेव्हा वीज लांब कुठे पडली, तरी तुमच्या छत्रीत आणि वायरीत विजेचा लोंढा उठू शकतो. त्याला जमिनीत जायचे असते. तुम्ही बाहेरच्या बाहेर पाट काढून दिला असेल तर तो लोंढा त्या वाटेने बराचसा जिरतो. दिला नसेल तर तो वायरीवाटे घरात शिरतो आणि सेट टॉप बॉक्स, टीव्ही, आणि टीव्हीला हात लावून उभे असलेले पोर, यांच्यातून वाट काढतो.

आजींच्या हाताला मुंग्या का येत होत्या, तेही यातच आले. सेट टॉप बॉक्सच्या वीजपुरवठ्यातून अगदी थोडी वीज त्याच्या पत्र्याकडे आणि छत्रीच्या वायरीच्या बाहेरच्या जाळीकडे झिरपते. आर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते. नसेल तर हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. एवढ्या थोड्या विजेने सहसा इजा होत नाही. पण मुंग्या येणे हा घरात आर्थिंग नसल्याचा निरोप आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. मुंग्यांऐवजी सणसणीत झटका बसला तर मात्र आत बिघाड आहे. मेन स्विच बंद करा आणि वायरमन आल्याशिवाय चालू करू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. छत्रीचे आर्थिंग म्हणजे वीजरोधक नव्हे. वीज थेट घरावर पडली तर नुसत्या आर्थिंगने सगळे वाचेल अशी खात्री कोणी देऊ नये. उंच माळावर एकटेच घर असेल तर वीजरोधक वेगळा, जाणकाराकडूनच बसवून घ्यावा.

आर्थिंग कसे करावे

हे काम परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्यावे. पण तो काय करतो आहे, हे आपल्याला कळायला हवे. बेणे कसे निवडायचे हे कळणाऱ्याला व्यापारी फसवू शकत नाही, तसेच हे.

आधी घराच्या आर्थिंगचा खड्डा पाहावा. नसेल तर करावा. जस्ताचा मुलामा दिलेला, आतून किमान ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर म्हणजे सुमारे आठ फूट लांबीचा पाइप जमिनीत उभा पुरतात. खड्डा भिंतीपासून किमान दीड मीटर दूर असावा. पाइपाभोवती लोणारी कोळसा आणि मीठ यांचे थर देतात. जागा ओलसर असावी; परसातले सांडपाणी जिरते ती बाजू चांगली, पण येण्याजाण्याच्या वाटेवर नको. मिठाने झाडे मरतात, म्हणून कढीपत्ता-लिंबोणीच्या मुळाशी नको. मिठाने पाइपही हळूहळू खातो, तेव्हा दर दोन-चार वर्षांनी जोड उघडून पाहावा.

आपल्याकडे मुरूम आणि काळा खडक लवकर लागतो. आठ फूट खाली जाता येत नसेल तर पाइप तोडून तीन फुटांवर काम उरकू देऊ नका. अर्ध्या मीटरहून खोल लांब चर घेऊन त्यात गॅल्व्हनाइज्ड पट्टी आडवी पुरता येते. ती किती लांब लागेल हे जमीन पाहून वायरमन सांगेल. काळ्या जमिनीत ओल असेल तोवर आर्थिंग छान काम करते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या, की पाइपाची आणि मातीची गाठ सुटते. आणि विजा तर नेमक्या त्याच दिवसांत येतात. म्हणून वळिवाच्या आधीपासूनच दर आठवड्याला दोन-चार बादल्या पाणी त्या खड्ड्यात ओतावे. काम झाल्यावर वायरमनला यंत्र लावून आर्थिंगचा रोध मोजायला सांगावे. तो जितका कमी तितका चांगला. पाच ओहमच्या आत आला तर काम नीट झाले असे समजावे. बल्ब लावून आर्थिंग तपासण्याचा उद्योग घरच्या घरी करू नये.

आता छत्री. तिच्या लोखंडी खांबाला किंवा ब्रॅकेटला एक जाड तार जोडून ती थेट आर्थिंगच्या पाइपाला न्यायची. तार तांब्याची असेल तर १६ चौरस मिलिमीटरची, नाही तर २५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाडीची गॅल्व्हनाइज्ड पट्टी. जोडाच्या जागेवरचा रंग आणि गंज खरवडून नट-बोल्ट-वॉशरने घट्ट आवळावे. नुसते पिळे देऊन बांधलेली तार एका पावसाळ्यात सैल होते. ही तार घराच्या बाहेरून, जवळच्या वाटेने, शक्य तितकी सरळ खाली न्यावी. उरलेल्या तारेची वेटोळी करून ठेवू नयेत, कोपऱ्यावर काटकोनात दुमडू नये. वळण द्यायचेच तर बैलगाडी वळवतो तसे मोठे द्यावे. आभाळातली वीज वेगाने येते, तिला आकडेमोडी वळणे घेता येत नाहीत. ती तार सोडून उडी मारते.

दुसरा जोड वायरीचा. छत्रीपासून येणारी काळी गोल वायर घरात शिरते तिथे, भिंतीच्या बाहेर, एक लहानसा धातूचा ठोकळा बसवतात. त्याला ग्राउंडिंग ब्लॉक म्हणतात. छत्रीची वायर एका बाजूने त्यात येते, दुसऱ्या बाजूने घरात जाते, आणि ठोकळ्याच्या स्क्रूपासून तांब्याची तार आर्थिंगला जाते. त्यामुळे वायरीच्या बाहेरच्या जाळीवरून आलेली वीज घराबाहेरच खाली उतरते. छत्री भिंतीला खाली बसवली असली तरी हा ठोकळा टाळू नये. आत शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळावरून ठिबकेल, भिंतीत शिरणार नाही.

एका घराला एकच आर्थिंग

इथे पुष्कळ जण चुकतात. छत्रीसाठी म्हणून वेगळी सळई ठोकतात आणि घराच्या आर्थिंगशी तिचा काही संबंध ठेवत नाहीत. वाटते, दोन आर्थिंग म्हणजे दुप्पट संरक्षण. होते उलटे.

दोन विहिरी मनात आणा. एकीचे पाणी वर, दुसरीचे खाली. मधे भुयारी नळ टाकला तर पाणी त्या नळातून धावणारच. विजेच्या वेळी छत्रीची सळई आणि घराचे आर्थिंग यांची पातळी अशीच वेगवेगळी होते, आणि त्या दोघांना जोडणारा नळ म्हणजे तुमचा टीव्ही. म्हणून वेगळी सळई ठोकायची असलीच, तर ती जाड तारेने जमिनीखालून घराच्या आर्थिंगला जोडलीच पाहिजे. सगळ्यांची पातळी एक झाली, की आतून धावायला कारण उरत नाही.

आर्थिंगची तार विजेच्या न्यूट्रलला कधीही जोडू नये. न्यूट्रल आणि आर्थिंग एकच, असे सांगणारा भेटतो. खांबावर न्यूट्रल तुटला, की छत्री, खांब, टीव्हीचा पत्रा, सगळ्यांत वीज उतरते. नळाला, खिडकीच्या गजाला, बोअरच्या केसिंगला, भिंतीतल्या खिळ्याला तार गुंडाळून दिलेले आर्थिंग हे आर्थिंग नव्हे. नळ आता प्लॅस्टिकचे असतात आणि खिळा भिंतीतच संपतो. बोअरच्या मोटारीला हात लावणारेही आपलेच माणूस असते.

मेन बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. वीज गळू लागली, की तो क्षणात पुरवठा तोडतो. तीन पायांच्या प्लगचा जाड पाय तोडून दोन पायांच्या भोकात घालायची खोड सोडून द्यावी. तो जाड पाय म्हणजेच आर्थिंग.

आणि जनावरे. खांबाला, आर्थिंगच्या तारेला किंवा खड्ड्याजवळ गुरे बांधू नयेत. वीज जमिनीत उतरते तेव्हा ती भोवतालच्या मातीत पसरते. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात, म्हणून एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघताना वीज त्याच्या पोटा-छातीतून जाते. शेजारी उभा माणूस वाचतो आणि म्हैस जाते, ती यामुळे.

आभाळ भरले की

आर्थिंग कितीही चांगले असो, वळिवाच्या दिवसांत टीव्हीचा प्लग काढून ठेवावा. नुसते बटण बंद करून भागत नाही; बटणातल्या चिमूटभर फटीवरून आभाळातली वीज सहज उडी मारते. प्लग काढा आणि सेट टॉप बॉक्सच्या मागची छत्रीची वायरही सोडवा. हे गडगडाट सुरू होण्यापूर्वी करायचे. विजा चमकू लागल्यावर वायरीला हात लावायला जाऊ नये. तेव्हा टीव्ही गेला तर जाऊ द्यावा.

वीज चमकल्यावर आवाज येईपर्यंत मनात आकडे मोजावेत. तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. शेतातले काम टाकून पक्क्या घरात यावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 'दामिनी' हे मोबाइलवरचे अ‍ॅप केले आहे. आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सावध करते. घरातल्या पोराला सांगून ते घेऊन ठेवावे.

प्रसंग आलाच तर

दोन प्रसंग वेगळे ओळखावेत. आभाळातल्या विजेने माणूस पडला असेल तर त्याच्या अंगात वीज राहत नाही. लगेच हात लावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाबत राहा आणि कोणाला तरी १०८ क्रमांकावर फोन करायला लावा. माती-शेणात पुरून ठेवण्यात मोलाची मिनिटे जातात; ते करू नका.

माणूस विजेच्या तारेला किंवा तारेला टेकलेल्या पाइपाला चिकटला असेल तर मात्र त्याला हात लावू नका. घरातली वीज असेल तर आधी मेन स्विच पाडा. मोठ्या लाइनची असेल तर काठीनेही जवळ जाऊ नका. तिथे लाकूड वाचवीत नाही. लांब उभे राहा, इतरांना थोपवा, १९१२ वर किंवा गावच्या वायरमनला फोन करून लाइन बंद करवा. झटका बसून माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. आतली इजा वरून दिसत नाही.

वाचकांच्या दोन शंका

"छत्री बसवणारा मुलगा म्हणाला, आर्थिंगची गरज नाही, चित्र येते आहे." चित्र यायला आर्थिंग लागतच नाही, म्हणून तर ते राहून जाते. बसवणाऱ्याचे काम चित्र दिसले की संपते. घर तुमचे आहे.

"आमचे घर खोलगट भागात आहे, आम्हाला काय धोका?" वीज उंच वस्तूवर बहुधा पडते, हे खरे. पण जवळपास पडलेल्या विजेचा लोंढा तारांवरून येतो. त्याला उंच-सखल नाही. आर्थिंग तुम्हालाही हवेच.

परवा त्या हळदवाल्या वस्तीवरून नातवाचा फोन आला. जुना पाइप उतरवला. छत्री आग्नेयेच्या भिंतीला, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर बसवली. आर्थिंगचा खड्डा घेतला, सगळे एका ठिकाणी जोडले. चित्र पहिल्यासारखेच येते. म्हैस आता गोठ्यातल्या लाकडी खुंटाला असते. मी विचारले, "आजी काय म्हणतात?" तर म्हणाला, "तिने रोज दोन बादल्या पाणी खड्ड्यात घालायचे काम स्वतःकडे घेतले आहे. म्हणते, मुंग्या गेल्या."

तुमच्या घरी आजच एवढे करा. संध्याकाळी उजेड असताना अंगणात उभे राहा, छत्रीकडे पाहा, आणि तिच्यापासून जमिनीपर्यंत जाणारी तार नजरेने शोधा. सापडली तर तिचा जोड घट्ट आहे का पाहा. सापडली नाही तर उद्या वायरमनला निरोप धाडा. वळीव निरोप देऊन येत नाही.

पुढील अंकी उन्हाळी भुईमुगाच्या काढणीविषयी बोलू. तोवर रामराम.